युरोपचा प्रवास : नौपाड्याहून निघताना आणि परतल्यावर

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेला नौपाडा हा मुख्यतः नोकरदार, शिक्षक व सेवानिवृत्त कर्मचारी यांच्या वस्तीचा भाग म्हणून ओळखला जातो. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता किंवा घंटाळीचा परिसर या भागांतून संध्याकाळी फेरी मारली, तर कपड्यांच्या व दागिन्यांच्या दुकानांच्या रांगेतच परदेश सहलींचे फलक दिसतात. आयफेल मनोरा, स्वित्झर्लंडमधील बर्फ आणि व्हेनिसमधील नावा यांची चित्रे त्यांवर असतात व खाली इतक्या दिवसांत इतके देश असा हिशेब मांडलेला असतो. एकेकाळी युरोपास जाऊन आलेल्या माणसाचा चारचौघांत सत्कार होत असे. आता निवृत्तीची रक्कम हाती आली की पतिपत्नींनी युरोपची एक सहल करावी, हा मध्यमवर्गीय कुटुंबातील सर्वसाधारण बेत झाला आहे.

हा बेत स्वागतार्ह आहे. मात्र त्यासाठी खर्च होणारी रक्कम ही बहुधा अनेक वर्षांच्या बचतीची असते आणि असा प्रवास बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडतो. म्हणून तो कसा आखावा, काय पाहावे आणि पाहिल्याचा उपयोग काय करावा, याचा विचार निघण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे. शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष लागू पडते. आपापल्या कामाची दृष्टी घेऊन जो प्रवास करतो, त्याला सहलीच्या पत्रकात नसलेला युरोपही दिसतो.

उलट दिशेचा जुना प्रवासी

ठाणे आणि युरोप यांचा संबंध नवा नाही. मध्ययुगात ठाणे हे पश्चिम किनाऱ्यावरील नावाजलेले बंदर होते. १३२१ साली येथे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळाने इटलीतील पोर्देनोने गावचा ओदोरिक हा भिक्षू ठाण्यास आला. त्या चौघांच्या अस्थी बरोबर घेऊन तो सागरी मार्गाने चीनपर्यंत गेला. मायदेशी परतल्यावर १३३० मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तांत सांगून लिहवून घेतला आणि त्यात ठाण्याचेही वर्णन केले. पुढच्याच वर्षी तो वारला. सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्याविषयी आज जे थोडे लेखी पुरावे उपलब्ध आहेत, त्यांत या वृत्तांताची गणना होते. एका प्रवाशाने पाहिलेले नीट नोंदवून ठेवले, म्हणून ते पुढच्या पिढ्यांस लाभले. आज नौपाड्याहून इटलीकडे निघणाऱ्या प्रवाशाने ओदोरिकाचा हा गुण उचलण्यासारखा आहे.

किती पाहावे?

युरोपच्या नकाशावर देश लहान व जवळजवळ दिसतात. त्यामुळे बारा दिवसांत सात देश सहज होतील असे वाटते. प्रत्यक्षात ॲमस्टरडॅम ते पॅरिस हे अंतर रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर, तर पॅरिस ते स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. विश्रांतीचे थांबे धरले, तर अशा प्रत्येक टप्प्यास जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. सामान बांधणे, सोडणे आणि निवासाची जागा बदलणे यांतही वेळ जातो. सात देशांच्या सहलीत मग बसच्या खिडकीतून दिसलेला रस्ता आणि प्रसिद्ध वास्तूंसमोर घेतलेली छायाचित्रे एवढेच पदरी पडण्याचा संभव असतो.

याकरिता पहिली सूचना अशी की, देशांची संख्या कमी करावी आणि मुक्काम वाढवावेत. पंधरा दिवस हाती असतील, तर दोन किंवा फार तर तीन देश निवडावेत. प्रत्येक मुक्कामी किमान तीन रात्री राहावे व तेथून आगगाडीने आसपासची गावे पाहून संध्याकाळी परत यावे. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या ठाणेकरास आगगाडीची भीती बाळगण्याचे कारण नाही. रोम ते फ्लोरेन्स हे अंतर वेगवान गाडीने सुमारे दीड तासात कापले जाते. स्वित्झर्लंडमध्ये आगगाडी, बस आणि तलावातील नावा यांसाठी एकच संयुक्त पास मिळतो. इटलीत प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. हे न केल्यास तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

सहल कंपनीबरोबर जाणे ज्यांना सोयीचे वाटते, त्यांनी रक्कम भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. दरात कोणता खर्च समाविष्ट नाही, मुक्काम शहरात आहे की शहरापासून दूर, आणि व्हिसा नाकारला गेल्यास किंवा आजारपणामुळे जाणे रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, या त्या तीन गोष्टी होत. 'पाहणे' आणि 'आत जाऊन पाहणे' यांतील फरकही पत्रकात तपासावा. अनेकदा वास्तू केवळ बाहेरून दाखविली जाते. परदेश सहलीच्या रकमेवर जो कर उगमस्थानी गोळा केला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जमेस धरता येतो. त्यासाठी कंपनीकडून प्रमाणपत्र अवश्य घ्यावे. पुष्कळ सेवानिवृत्तांस याची कल्पना नसते आणि हक्काची रक्कम मागावयाची राहून जाते.

कागदपत्रांची सिद्धता

युरोपातील २९ देशांनी आपापसांतील सरहद्दींवरील तपासणी बंद करून शेंगेन क्षेत्र निर्माण केले आहे. क्रोएशिया २०२३ मध्ये त्यात सामील झाला. रुमानिया व बल्गेरिया हे देश १ जानेवारी २०२५ पासून त्यात पूर्णतः समाविष्ट झाले. या क्षेत्रासाठी एकच व्हिसा पुरतो व त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटन आणि आयर्लंड हे देश या क्षेत्रात नाहीत. लंडनही पाहावयाचे असल्यास ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो आणि त्याचा खर्च व वेळ आधीच हिशेबात धरावा लागतो.

ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहावयाचे, त्या देशाकडे अर्ज करावा असा नियम आहे. दिवस समान असतील, तर प्रथम ज्या देशात प्रवेश करावयाचा त्याच्याकडे अर्ज करावा. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत देता येतो. तथापि उन्हाळी सुटीच्या दिवसांत भेटीची वेळ मिळणे कठीण होत असल्याने दोन-तीन महिने आधी अर्ज करणे श्रेयस्कर ठरते. जून २०२४ मध्ये प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो करण्यात आले. व्हिसा नाकारला तरी हे शुल्क परत मिळत नाही. पासपोर्ट मागील दहा वर्षांत दिलेला असावा. परतीच्या तारखेनंतर त्याची मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या क्षेत्राच्या सीमेवर प्रवाशांची बोटांच्या ठशांसह संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आली. त्यामुळे विमानतळावर उतरल्यानंतरचा वेळ थोडा सैल ठेवावा.

शासकीय कर्मचारी व जिल्हा परिषदेचे शिक्षक यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावयास हवी. खाजगी कारणासाठी परदेशी जाताना सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि रजेची मंजुरी ही दोन्ही लागतात. रजा मंजूर झाली म्हणजे परवानगी मिळाली, असे समजू नये. पासपोर्टसाठी अर्ज करतानाही आपल्या कार्यालयास पूर्वसूचना दिल्याचे पत्र किंवा ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. तिकिटे काढून झाल्यावर परवानगीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहणे हा अनुभव टाळावयाचा असेल, तर प्रथम परवानगी, मग व्हिसा आणि शेवटी परत न मिळणाऱ्या रकमा, हा क्रम पाळावा.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही वाहतुकीस खुला झाला आहे. म्हणून घरून निघण्यापूर्वी तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे, हे एकदा वाचून पाहावे. नौपाड्याहून या दोन विमानतळांकडे जाणारे रस्ते सर्वस्वी भिन्न आहेत.

ऋतू, आरोग्य व वेळ

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबर महिन्यात युरोपचे हवामान आपल्या लोकांस मानवणारे असते. हॉलंडमधील लिस गावचा ट्यूलिप फुलांचा बगीचा साधारणतः मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. मेअखेरीस गेल्यास तो पाहता येत नाही. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड आहे म्हणून फिरत राहिल्यास भोजनाची व झोपेची वेळ चुकते. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. त्या काळात पॅरिस, रोम व झुरिक येथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते, एरवी साडेचार तासांनी.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथवर १९१२ पासून आगगाडी जाते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे आहे. म्हणजे गाडीतून उतरणारा प्रवासी कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर, तोही काही तासांत, पोहोचलेला असतो. हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर गेल्यावर धावपळ करू नये. नेहमीची औषधे हातातील पिशवीत ठेवावीत व औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी जवळ बाळगावी. तेथील दुकानदार आपल्याकडील कंपनीची नावे ओळखत नाहीत.

पाहण्याचे दिवसही तपासावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर त्याच शहरातील ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा अखेरचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. मिलान येथील लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र पाहण्यास पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दारावर मिळत नाहीत. ती संकेतस्थळावरूनच आधी घ्यावी लागतात.

पंचायत सदस्याने पाहावे असे काही

सहलीच्या पत्रकातील स्थळे पाहावीतच. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांत काम करणाऱ्या व्यक्तीने त्यांना जोडून तीन ठिकाणे आपल्या यादीत घालावीत.

पहिले ठिकाण हॉलंडमधील किंडरडाइक. रॉटरडॅमजवळच्या या गावी एकोणीस जुन्या पवनचक्क्या असून १९९७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. या चक्क्या पीठ दळण्यासाठी नसून सखल जमिनीतील पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या आहेत. या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध, कालवे आणि पाण्याचा निचरा पाहण्यासाठी तेथे तेराव्या शतकापासून स्वतंत्र जलमंडळे आहेत. आजही अशी एकवीस मंडळे असून त्यांच्या निवडणुका होतात व ती स्वतःचा कर बसवितात. पाणी हा एकच विषय सांभाळणारी निवडून आलेली संस्था शतकानुशतके टिकते, ही गोष्ट पाणलोट व पाणीवाटपाच्या प्रश्नांशी झगडणाऱ्या ग्रामपंचायतीस विचार करावयास लावणारी आहे.

दुसरे ठिकाण जिनिव्हाजवळचे फ्रान्समधील आनसी. विसाव्या शतकाच्या मध्यास या गावाच्या तलावात सांडपाणी शिरून पाणी बिघडू लागले. तलावकाठच्या नगरपालिकांनी १९५७ मध्ये एकत्र येऊन एक संयुक्त संस्था स्थापन केली आणि पुढील काळात तलावाभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकून सर्व मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळविले. आज हा तलाव स्वच्छ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. ठाण्याची ओळखच तलावांचे शहर अशी आहे. मासुंदा व कचराळी या तलावांच्या काठी फिरावयास जाणाऱ्या नौपाडावासीयास आनसीचा तलाव केवळ नौकाविहारासाठी नव्हे, तर त्याच्या काठाखाली दडलेल्या वाहिनीसाठी पाहण्यासारखा आहे. एका गावाने आपल्यापुरती स्वच्छता करून तलाव वाचत नाही, काठावरच्या सर्वांनी मिळून ती करावी लागते, हा त्याचा बोध आहे.

तिसरे ठिकाण स्वित्झर्लंडमधील लोकसभांचे मैदान. आपेनत्सेल येथे एप्रिलच्या अखेरच्या रविवारी आणि ग्लारुस येथे मेच्या पहिल्या रविवारी मतदार नागरिक उघड्या मैदानात जमतात. तेथे हात वर करून कायदे संमत होतात आणि आपेनत्सेलमध्ये अधिकारीही निवडले जातात. बाहेरच्या माणसास ते दृश्य कडेला उभे राहून पाहता येते. आपल्या ग्रामसभेचेच हे मोठे रूप होय. मात्र येथे एक गोष्ट स्मरणात ठेवावी. आपेनत्सेलच्या अंतर्भागातील या सभेत स्त्रियांना मताचा अधिकार न्यायालयाच्या निर्णयाने १९९० मध्ये मिळाला. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. पाहणाऱ्याने शिकावे तसे तोलूनही पाहावे. सर्वच बाबतींत युरोप पुढे आणि आपण मागे, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

शिक्षकांसाठी एक वाट

रोम येथे कोलोसियम व व्हॅटिकन पाहून झाल्यावर शिक्षकाने मुख्य रेल्वे स्थानकापासून जवळ असलेल्या सान लोरेन्झो या वस्तीत जावे. कामगारांच्या या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. कष्टकऱ्यांची जी मुले दिवसभर जिन्यांतून हुंदडत असत, त्यांच्यापासून त्या शिक्षणपद्धतीचा आरंभ झाला. आज आपल्या शहरांत माँटेसरी हे नाव महागड्या बालवर्गांशी जोडले गेले आहे. त्याचा उगम गरीब वस्तीत आहे, हे तेथे गेल्यावर उमगते.

ही वाट पुन्हा ठाणे जिल्ह्यातच येऊन पोहोचते. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. त्याआधीच त्यांच्या विचारांचा अभ्यास केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. परदेशी साधने महाग पडतात म्हणून शिंपले, बिया, पाने व दगड यांचीच साधने करण्यात आली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात नेण्यात आली. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. रोम पाहून आलेल्या शिक्षकाने कोसबाडही पाहावे. बाहेरून आलेला विचार आपल्या मातीत कसा रुजवावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

वारसा कसा जपतात?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशाने लंडनचे सेंट पँक्रस स्थानक आवर्जून पाहावे. १८६८ मध्ये सुरू झालेले हे स्थानक व १८८८ मध्ये पूर्ण झालेले आपले टर्मिनस एकाच गॉथिक शैलीच्या घराण्यातील आहेत. आपले टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पॅरिसचे नोत्र दाम हे प्रार्थनामंदिर १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. छताचा लाकडी सांगाडा जुन्याच पद्धतीने, ओकच्या तुळया हाताने तासून, उभारण्यात आला. त्यामुळे जुन्या सुतारकामास नवे कारागीर मिळाले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आपल्या गावाजवळ किल्ला असलेल्या पंचायत सदस्याने पॅरिसला गेल्यावर इमारतीबरोबरच तिची निगा, तेथील फलक, स्वच्छतागृहे, रांगांची व्यवस्था आणि स्थानिकांस मिळालेला रोजगार यांकडेही लक्ष द्यावे.

मराठी माणसाच्या खुणाही युरोपात जागोजागी आहेत. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. हाऊली प्लेस येथील ज्या घरात लोकमान्य टिळक राहिले, त्यावर त्यांच्या नावाचा फलक आहे. फ्रान्समधील मार्सेय बंदरात ८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली. ही स्थळे सहलीच्या पत्रकात सहसा नसतात. आपणच ती जोडून घ्यावी लागतात.

वागणुकीची पथ्ये

प्रार्थनामंदिरात जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आगगाडीत व भोजनगृहात हळू आवाजात बोलावे. रांग मोडू नये. स्वच्छतागृहासाठी अनेक ठिकाणी नाणे लागते, म्हणून सुटे युरो जवळ असावेत. स्वित्झर्लंडमधील नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. तेथे बाटलीबंद पाण्यावर खर्च करण्याची आवश्यकता नाही. शाकाहारी व्यक्तीने केवळ तसे सांगून न थांबता मांस, मासे व अंडी चालत नाहीत असे स्पष्ट करावे, कारण मासे चालतील अशी तेथे पुष्कळांची समजूत असते. पॅरिसची भुयारी रेल्वे, रोमचे मुख्य स्थानक व गर्दीचे चौक येथे पाकीटमारांपासून सावध राहावे. पासपोर्ट अंगावरील आतल्या खिशात व त्याची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी. पासपोर्ट हरवल्यास स्थानिक पोलिसांकडे नोंद करून भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत संकटसमयी ११२ हा क्रमांक चालतो.

परतल्यावर

फ्लोरेन्स शहराच्या पश्चिमेस कासीने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या टोकाला, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ, छत्रीखाली एका भारतीय तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा होय. १८७० साली ते इंग्लंडचा प्रवास करून परत येत असता ३० नोव्हेंबर रोजी फ्लोरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वयाची एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या शहरात दहनाची प्रथा नव्हती. तथापि विशेष परवानगी देण्यात आली आणि नदीकाठी हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. फुलर नावाच्या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८७४ मध्ये तेथे बसविण्यात आला. जवळच्या नव्या पुलासही लोक 'भारतीयाचा पूल' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

हे तरुण राजे प्रवासात रोजनिशी लिहीत असत. ते परतले नाहीत, पण त्यांची रोजनिशी परतली आणि १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर तीस वर्षांनी त्याच गादीवरील राजर्षी शाहू महाराज युरोपास गेले. त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. परदेश पाहणाऱ्याचे मन आपल्या गावच्या माणसांतच गुंतलेले असावे, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागू नये.

युरोपास जाऊन आलेल्या प्रत्येकाने एवढे मोठे काम करावे, अशी अपेक्षा नाही. मात्र लहान कामे प्रत्येकास करता येतील. रोज रात्री अर्धे पान लिहावे. परतल्यावर शिक्षकाने वर्गात नकाशा लावून एक तास त्या प्रवासाविषयी बोलावे. पंचायत सदस्याने पाहिलेल्या एखाद्या व्यवस्थेची माहिती ग्रामसभेपुढे ठेवावी. अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयातील एक रांग, एक फलक किंवा एक स्वच्छतागृह सुधारावे. १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांत जाण्यापूर्वी प्रवासवर्णने वाचावीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये लिहिलेल्या इंग्लंडच्या प्रवासापासून पु. ल. देशपांडे यांच्या १९६० मधील 'अपूर्वाई'पर्यंत मराठीत ही परंपरा समृद्ध आहे. परतल्यावर आपल्या नोंदींची एक प्रत गावच्या वाचनालयास दिली, तर पुढे निघणाऱ्या शेजाऱ्याचे पैसे व श्रम वाचतील.

आयुष्यभराच्या बचतीतून केलेला प्रवास छायाचित्रांच्या संचात संपू नये. ठाणे स्थानकावर परत उतरलेल्या प्रवाशास तोच तलाव, तीच शाळा आणि तोच रस्ता थोड्या वेगळ्या दृष्टीने दिसू लागला, तर त्याचा युरोपचा प्रवास सार्थकी लागला असे म्हणावयास हरकत नाही.